उघडणारं लॉकेट

लॉकेट हातात आलं की मी आधी त्याच्या कडेत नख घालून बघते, उघडतंय का. ऑनलाइन 'व्हिक्टोरियन लॉकेट' म्हणून शोधलं की ढिगाने निघतात, अंडाकृती, वर वेलबुट्टी, एका बाजूला बिजागरीसारखं काहीतरी, आणि त्यातली बरीच उघडतच नाहीत. एकसंध ओतलेला तुकडा असतो, बिजागरी नुसती वरून कोरलेली. दिसतात छान, फोटोत तर फारच छान. पण लॉकेट म्हणजे आत काहीतरी ठेवायची वस्तू, आणि आत जागाच नसेल तर आपण गळ्यात नक्की काय घातलंय, हा प्रश्न मला पडतो आणि अगदी मनापासून पडतो.

मी यॉर्कशायरमध्ये राहते, आणि इथे आल्यापासून सुट्टीच्या दिवशी अँटिक फेअर फिरायचा नाद लागलाय. त्यामुळे ही व्हिक्टोरियन दागिन्यांची लाट मी जवळून बघतेय. गळ्याला घट्ट बसणारे काळे मखमली चोकर, कॅमिओचे, म्हणजे शिंपल्यावर चेहरा कोरलेले ब्रोच, लेसचे हातमोजे, सापाच्या अंगठ्या, आणि हल्ली तर पुरुषसुद्धा सूटच्या कॉलरवर मोठ्ठे ब्रोच लावून फिरतात. (एक मध्येच सांगते, लोक सिरियली बघून उंच कमरेचे झगे नि व्हिक्टोरियन काळ एकच धरतात, पण ते झगे तिच्या आधीचे, व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 साली आणि गेली 1901 साली.) मला ही लाट आवडते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते कुणाला नाक मुरडणं वाटायला नको. माझं म्हणणं इतकंच आहे की ह्या सगळ्या वस्तू कामाच्या होत्या. शोभेच्या होत्याच, पण प्रत्येक वस्तू काहीतरी काम करत होती, आणि आज ह्यातली जी वस्तू आपलं काम करत परत आलीय ती जिवंत वाटते, बाकीच्या नुसत्या आकार म्हणून आल्यात.

शॅटलेनच घ्या ना. कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा एक नक्षीदार हूक, त्यातून लोंबणाऱ्या चार-पाच साखळ्या, आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला एकेक वस्तू, कात्री, शिवणाचं टोपण, सुयांची डबी, किल्ली, पेन्सिलीचा तुकडा, घड्याळ. घर चालवणारी बाई ते लावायची, नर्सेस लावायच्या. चालताना आवाज यायचा म्हणे, म्हणजे घरची मालकीण येतेय हे नोकरांना आधीच कळायचं. आपल्याकडे नऊवारीवर कमरेला खोचलेला चांदीचा छल्ला असायचा, किल्ल्या अडकवलेला, तो हाच की. दोन्हीकडच्या बायकांना धड खिसा नव्हता आणि दोन्हीकडे घराच्या किल्ल्या मात्र त्यांच्याच ताब्यात होत्या, मग कमरेला लटकवण्यावाचून दुसरं काय करणार. आणि आता बघा, बायकांच्या जीन्सच्या खिशात अजूनही फोन मावत नाही, त्यामुळे मुली फोनला साखळी लावून तो खांद्यावरून तिरका अडकवून फिरतात, मेट्रोत बघा, ऑफिसात बघा. हे शॅटलेनचं पुनरुज्जीवन कुठल्या डिझायनरने घडवून आणलं नाही, गरजेतनं झालं, आणि म्हणूनच मला ते सगळ्यात अस्सल वाटतं.

ब्रोचचंही तसंच. ब्रोच हा मुळात टाचणीचा थोरला भाऊ, त्याने कापड धरून ठेवायचं. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने 1849 साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ते चारशे डॉलरला विकून टाकलं, त्यानंतर हळूहळू कापड धरायचं काम त्या स्वस्त पिनेकडे गेलं आणि ब्रोच नुसता मिरवायला उरला. पण आपल्याकडे तो बराच काळ कामावर होता! रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी टागोर 1860च्या दशकात नवऱ्याबरोबर मुंबईत राहायला आल्या, इथल्या पारशी बायकांचं बघून त्यांनी साडीची पद्धत उचलली आणि बंगालात नेली, आत ब्लाउज, परकर, आणि पदर खांद्यावर ब्रोचने टाचलेला. आपल्या घराघरातल्या जुन्या फोटोंत पणज्या-खापरपणज्या बसलेल्या असतात ना, लांब बाह्यांची झालरवाली पोलकी घालून आणि खांद्यावर एक ब्रोच, ती व्हिक्टोरियन फॅशनच, फक्त साडीवर बसवलेली. म्हणून लग्नात कुणी मुलगी पैठणीच्या पदराला ब्रोच लावते आणि त्याला 'फ्यूजन' म्हणतात तेव्हा मला सांगावंसं वाटतं की बाई, हे तुझ्या पणजीचं आहे, खुशाल घाल.

खिशातल्या घड्याळाच्या साखळीला इथे 'अल्बर्ट' म्हणतात, राणीच्या नवऱ्यावरून. एका टोकाला घड्याळ अडकवायचा हूक, दुसऱ्या टोकाला आडवी दांडी, जी जाकिटाच्या काजात घालायची म्हणजे घड्याळ पडत नाही. ही साखळी आता बायका नेकलेस म्हणून घालतात, दांडी पुढे लोंबत ठेवून, आणि त्याची नक्कल आता इतकी झालीय की कुठल्याही दुकानात आडव्या दांडीचा नेकलेस मिळतो. जुनी अस्सल ओळखायची असेल तर कड्या बघायच्या, इंग्लिश अल्बर्टच्या बहुतेक प्रत्येक कडीवर हॉलमार्क ठोकलेला असतो, कारण साखळीतली एखादी कडी बदलून हलकी घातली तर कळावं. केवढी दक्षता.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. जुनं म्हणजे हाताने घडवलेलं आणि महाग, नवं म्हणजे मशीनचं आणि स्वस्त, असं नाहीये. व्हिक्टोरियन दागिने ही तर स्वस्ताईचीच गोष्ट आहे. एल्किंग्टन नावाच्या कारखानदाराने इलेक्ट्रोप्लेटिंगचं पेटंट घेतलं 1840 साली, त्यामुळे पितळेवर चांदी-सोन्याचा मुलामा चढायला लागला. 1854 साली कायद्याने 15, 12 आणि 9 कॅरेटचं सोनं अधिकृत झालं, म्हणजे ज्यात निम्म्याहून कमी सोनं तेही हॉलमार्क लावून विकता यायला लागलं. बर्मिंगहॅमला छापाच्या मशीनवर लॉकेटं धडाधड निघायला लागली. त्याच सुमाराला फोटो काढणं स्वस्त झालं. म्हणजे कारकुनाच्या बायकोला, शिंपिणीला, दुकानात काम करणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच आपल्या माणसाचा चेहरा गळ्यात घालता आला, जे आधी फक्त रंगवून घेणाऱ्या श्रीमंतांना जमायचं. त्यामुळे स्वस्त लॉकेटबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती लॉकेटंही स्वस्तच होती. ती उघडायची एवढंच.

आता राणीबद्दल. अल्बर्टने तिला साखरपुड्याला दिली ती सापाची अंगठी, डोक्यावर पाचू, कारण पाचू तिचं जन्मरत्न. आपल्याला साप म्हटलं की वेगळंच काही वाटेल, पण तिथे वेटोळं घातलेला साप म्हणजे न संपणारं प्रेम. त्यानंतर सापाच्या अंगठ्या, सापाच्या बांगड्या, सापाचे हार यांचं पेवच फुटलं, आणि आज परत फुटलंय. 14 डिसेंबर 1861 ला अल्बर्ट गेला, वय फक्त 42, आणि राणीने जे काळे कपडे घातले ते जवळजवळ चाळीस वर्षं, मरेपर्यंत उतरवले नाहीत. गंमत म्हणजे, नाही, गंमत नाही म्हणवत, नवल म्हणते, ह्याच राणीचा मुकुटवाला तरुण चेहरा आपल्याकडे चांदीच्या रुपयावर होता, आणि ते राणीछाप रुपये कडी लावून बायकांनी गळ्यात घातले, अजूनही माळा निघतात. भायखळ्याचं आत्ताचं भाऊ दाजी लाड म्युझियम 1872 ला उघडलं ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्याच नावाने, आत अल्बर्टचा संगमरवरी पुतळा अजून उभा आहे. एका बाईचं दुःख केवढं लांबवर पोचलं होतं.

आणि त्या दुःखावर एक अख्खं गाव जगलं. व्हिटबी, आमच्या इथून समुद्राकडे गेलं की. तिथल्या कड्यांमध्ये जेट सापडतं. जेट म्हणजे दगड नव्हे, ते लाकूड आहे, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या चिखलात गाडलं गेलेलं, त्यात दबून दबून काळं कुळकुळीत झालेलं, पॉलिश केलं की आरशासारखं. दरबारात सुतकात जेट चालायचं, मग सगळ्या देशात चालायला लागलं, आणि 1870 च्या आसपास त्या छोट्याशा बंदराच्या गावात जेट कोरणारे हजार-दीड हजार हात होते. मला सगळ्यात आवडतं ते त्याचं वजन. एवढी जाडजूड मण्यांची माळ हातात घ्यावी तर फुलासारखी हलकी, आणि गार नाही लागत, उबदार लागते. त्या काळात झगे घेरदार, त्यावर दागिनाही मोठा हवा, आणि तेवढा मोठा दागिना दिवसभर मानेवर वागवता यायला हवा, ते जेटमुळेच शक्य झालं. तेही कामच की. नकली जेट बरंच असतं, 'फ्रेंच जेट' म्हणतात ती काळी काच, ती ओठाला लावली की गारेगार लागते. व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, ते उन्हाने तपकिरी पडतं आणि साच्यात घालून केलेलं असतं, जेट साच्यात घालता येत नाही, प्रत्येक पान-फूल कोरावंच लागतं. खरं जेट बिनचकाकीच्या फरशीवर घासलं तर तपकिरी रेघ उमटते (दुकानदाराला विचारून घासा).

हा धंदा नंतर बसला. फॅशन बदलली, काचेने आणि आयात मालाने भाव पाडले, आणि पहिल्या महायुद्धात तर इतकी माणसं गेली की असं रीतसर सुतक पाळणं कुणाला परवडेना. मग बऱ्याच वर्षांनी व्हिटबीत एका पडक्या घराच्या माळ्यावर एक बंद पडलेला जेटचा वर्कशॉप तसाच्या तसा सापडला, चाकं, हत्यारं, सगळं, तो तिथून उचलून आता लोकांना बघायला मांडलाय. 1994 पासून तिथे गॉथ लोकांचा मेळा भरतो, काळे झगे, काळ्या छत्र्या, काळे चोकर घालून माणसं समुद्रकिनारी फिरत असतात, आणि त्यांच्यामुळे पुन्हा जेट कोरणारे कारागीर उभे राहिले. लोक त्यांना विचित्र म्हणतात. मला ती माणसं फार प्रेमळ वाटली, आणि काय घातलंय, ते कोणी केलंय, आत कोणाचा फोटो आहे हे विचारलं तर तासभर सांगत बसतात.

सुतकाचे नियम मात्र कडक होते, ह्यात रोमँटिक काही नाही. नवरा गेला की पहिलं वर्ष नि एक दिवस बाईने निस्तेज काळं क्रेपचं कापड घालायचं, चमकणारं काही नको, हळूहळू मग जेट, मग जांभळा-करडा रंग, मोती. लंडनला रीजंट स्ट्रीटवर जेज नावाचं सुतकाच्याच कपड्यांचं भलंमोठं दुकान 1841 साली निघालं होतं. बायकोने इतके दिवस, बहिणीने तितके, सगळं ठरलेलं, आणि पुरुषांना फार तर दंडावर काळी पट्टी. पण त्या सगळ्या जाचातही विधवेला घालायला दागिना होता. इतकंच नाही तर गेलेल्या माणसाचे केस कापून घ्यायचे, त्यांची बारीक वेणी किंवा फूल करायचं आणि काचेखाली ब्रोचमध्ये बसवून घालायचं, अशी रीत होती. कारागीर दुसऱ्याचेच केस घालून देतात अशी भीती असायची, म्हणून बायका घरीच शिकून करायच्या, मासिकांत त्याचे नमुने छापून यायचे. पहिल्यांदा असा ब्रोच बघितला तेव्हा अंगावर काटा आला, आणि मग बघतच राहिले, दीडशे वर्षांनंतरही त्या केसांचा रंग तसाच होता, तांबूस.

हे वाचताना मला आपल्याकडची तीच दशकं आठवतात आणि पोटात तुटतं. तिकडे बाई गेलेल्या नवऱ्याचे केस गळ्यात घालत होती आणि इकडे ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत नवरा गेला की बाईचेच केस भादरत होते. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र ओढायचं, तिच्या अंगावर त्या माणसाची एकही खूण ठेवायची नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि त्यांनी हे काम करायचं नाही असं ठरवलं, हे शाळेत असताना आम्हाला नीट कुणी शिकवलंच नाही. आणि ही काही संपलेली गोष्ट नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे 2022 मध्ये. त्या ठरावाची बातमी वाचली तेव्हा मी किचनमध्ये उभी राहून रडले होते.

माझ्या काकूला मी लॉकेट दिलं ते ह्यामुळेच. काका गेल्यावर तिला कुणी काही काढायला लावलं नव्हतं, घरातले सगळे चांगले आहेत, पण तिने स्वतःच मंगळसूत्र कपाटात ठेवून दिलं, आणि गळा ओकाबोका राहिला. मी इथून एक चांदीचं जुनं लॉकेट नेलं, मागे बर्मिंगहॅमचा नांगराचा छाप, पुढे आयव्हीची वेल, जी म्हणे चिकटून राहते म्हणून निष्ठेची खूण. काकांचा पासपोर्ट फोटो कात्रीने गोल कापून आत बसवला, तो नीट बसेना, कडा परत परत कापाव्या लागल्या, दोघी जणी चष्मा लावून तेच करत बसलो होतो. ती ते रोज घालते. सुती साडीवर, बाजारात जाताना, लग्नाकार्यात. मी विचारलं कुणी काही म्हणतं का, तर काकू म्हणाली, "अगं, ह्याच्याबद्दल कुणाचा नियमच नाहीये, त्यामुळे काढ म्हणायचं कुणाला सुचत नाही." इतकी वर्षं व्हिक्टोरियन दागिन्यांवर वाचतेय पण ह्याहून शहाणं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

केसांचं काम आज परत आलंय, ते आणखी वेगळ्या वाटेने. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनने 1992 साली कॉलेजच्या शेवटच्या कलेक्शनमध्ये स्वतःच्या केसांच्या बटा कपड्यांवर लेबलांसारख्या लावल्या होत्या, व्हिक्टोरियन काळात वेश्या आपले केस विकायच्या आणि लोक त्या बटा प्रेमिकांना द्यायला घ्यायचे, ती आठवण धरून. आता छोटे कारागीर राख काचेत मिसळून पेंडंट करून देतात, आईचं दूध घालून मणी करतात, बाळाचं जावळ बसवून देतात. काहींना हे किळसवाणं वाटतं, वाटू दे. मला वाटतं आपल्याला दुःख ठेवायला जागाच राहिलेली नाही, तेरावं झालं की ऑफिस सुरू, फोनमध्ये हजार फोटो आणि त्यातला एकही हातात धरता येत नाही.

सगळंच परत आणावं असं मात्र मुळीच नाही. त्या काळात हॅटवर अख्खे मेलेले पक्षी लावायचे, हमिंगबर्डची डोकी कानात घालायचे. मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसनने 1889 मध्ये बायकांना गोळा करून पिसं न घालायची शपथ घ्यायला लावली आणि त्यातून पुढे इंग्लंडची सगळ्यात मोठी पक्षी वाचवणारी संस्था उभी राहिली, पण पिसांची आयात रोखणारा कायदा यायला 1921 उजाडलं. हिंदुस्थानातून वाघाची नखं सोन्यात मढवून ब्रोच म्हणून इकडे यायची, अजूनही जुन्या मालात दिसतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि अँटिक आहे हो, असं म्हणून कुणी गळ्यात मारायला बघितलं तरी घेऊ नका. कासवाच्या पाठीच्या कंगव्यांचंही तेच. आणि नवीन घेताना कॅमिओ घेत असाल तर उजेडासमोर धरा, शिंपल्याचा असेल तर कडेने उजेड आरपार येतो आणि भिंगातून कोरल्याच्या रेषा दिसतात, नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको गावात अजून हाताने कोरणारे लोक आहेत, प्लास्टिकच्या साच्यातल्या बाईला नाक असतं पण रेषा नसतात.

माझी भाची नाशिकला कॉलेजात आहे, मोठे ढगळ ब्लेझर घालते, तिला माझ्याकडून एक ब्रोच हवाय. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "मावशी, मागे काच असलेला मिळेल का, ज्यात मोत्याचे केस बसतील?" मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा, दिवाळीच्या आधी गेला, तिच्या बरोबरीने वाढलेला. तिला व्हिक्टोरिया कोण नि कधीची हे फारसं ठाऊक नाही, केसांच्या दागिन्यांबद्दल मी तिला कधी बोललेही नव्हते, तिचं तिलाच सुचलं. मी तिला लिहिलं की मागे कप्पा असलेला शोधावा लागेल, काच सुटी निघणारी हवी, कडेची चांदीची पट्टी वाकलेली नको, आणि मोत्याचे केस आखूड आहेत त्यामुळे वेणी नाही होणार, गोल चकतीवर चिकटवून बसवावे लागतील, तोवर ते कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये नको. येत्या रविवारी हॅरोगेटकडे एक फेअर आहे, तिथे बघते.